सुटलो म्हणता म्हणता पुन्हा जुंपलो

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. गाडीचं बॉनेट उघडलं की खाली कोपऱ्यात जे काळंकुट्ट, तेलकट धूड दिसतं, तो मी, एक दमलेला अल्टरनेटर. इंजिनाचा पट्टा मला गरागरा फिरवतो आणि मी वीज तयार करतो. दिवे, हॉर्न, वायपर सगळे माझ्या जिवावर उड्या मारतात आणि नाव होतं बॅटरीचं!

कारखान्यातून आलो तेव्हा मी आरशासारखा लखलखीत होतो. मग या घरच्या गाडीत लागलो. घरची लेक पहाटे बेकरीचा माल भरते आणि दुकानादुकानांत पोचवते. ऊन नाही, पाऊस नाही, माझं आपलं फिरणं चालूच. कौतुक कुणी केलं नाही, पुसलंही नाही. शेवटी माझं बेअरिंग ओरडू लागलं, आतले कार्बनचे ब्रश झिजून नखाएवढे उरले आणि गाडी भर चौकात बंद पडली.

"हा गेला. नवा टाका," गॅरेजवाला म्हणाला.

सुटलो बुवा एकदाचा! खरं सांगतो, मला आनंद झाला. भंगारात का होईना, निवांत पडायला मिळालं असतं.

पण लेकीने मला घरी नेऊन बाबांसमोर ठेवलं. बाबांनी उभा जन्म मोटारी दुरुस्त केल्या होत्या. आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला. आता तो थोडा हलत होता, पण शर्टाची बटणंसुद्धा आईच लावायची. बाबा दिवसभर खिडकीशी बसून असायचे.

"बाबा, एवढा दुरुस्त करून द्या ना."

"नवा मिळतो की."

"मला हाच हवाय."

बाबांनी मला उघडलं. काय हाल केले माझे! नट सारखे हातातून सुटून कपाटाखाली जायचे. आई पुढे झाली की लेक तिला अडवायची. "आई, राहू दे. करू दे त्यांना." आई बिचारी पदर पिळत बसायची.

बाबांनी बेअरिंग बदललं, नवे ब्रश बसवले. माझे दोन भाग पुन्हा जोडताना हे ब्रश स्प्रिंगने मध्ये येतात, म्हणून पाठीच्या भोकातून पिन घालून ते मागे धरावे लागतात. बाबांनी आईच्या केसांतली पिन मागून घेतली आणि मला बंद केलं. लेकीने मला गाडीत चढवलं, किल्ली फिरवली. समोरचा बॅटरीचा लाल दिवा विझेचना. मी नुसताच फिरत होतो, वीज काही तयार होईना.

"आण बाई नवा," बाबा म्हणाले. "माझे हात संपले." आणि ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

आता खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

तेवढ्यात आई करवादली, "अहो, माझी पिन द्या आधी! केस सारखे तोंडावर येतायत."

बाबांनी चमकून वर पाहिलं. "अगं, पिन आतच राहिली की! ब्रश टेकल्याशिवाय वीज होणार कशी?"

"घ्या! चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधता, आता माझी पिन इंजिनात!"

बाबा लगबगीने बाहेर आले. उजव्याच हाताने त्यांनी पिन धरली. ती दोनदा निसटली. कुणी मदतीला धावलं नाही. तिसऱ्यांदा पिन बाहेर आली, ब्रश टक्कन जागेवर बसले. लेकीने किल्ली फिरवली आणि लाल दिवा विझला. बाबा आपल्या हाताकडे बघतच राहिले. आईला हसू आणि रडू एकदमच आलं.

माझी विश्रांती मात्र हुकली ती हुकलीच. जुनी वस्तू टाकू नका, असं मी म्हणणार नाही. आम्हीही थकतो. पण घरात कुणी रिकाम्या हाताने बसलं असेल, तर त्यांच्यापुढे काहीतरी बिघडलेलं ठेवा. त्यांना वेळ लागेल. लागू द्या.

चला, लेक गाडीत बसली. माझं अंग आजही ठणकतंय. पण बाबा खिडकीत कान देऊन उभे आहेत, आवाज करून चालायचं नाही.