अंतराचं कारण

चहाचा ट्रे एका हातावर तोलत नयनाने कोपराने बेडरूमचं दार ढकललं आणि ती दारातच थांबली.

तिचा नवरा अंबरीश पलंगाच्या कडेला बसला होता. त्याची टाच अंतराच्या तळहातावर होती आणि अंतराच्या हाताखाली हाफिजाने आपला काळाभोर, लांब बोटांचा हात धरला होता. आईला पाहताच अंतराने हात काढून घेतला.

ते हात काढून घेणंच नयनाला खटकलं.

ओमानमध्ये दुक्मच्या साइटवर शिडीवरून पडून अंबरीशचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन मस्कतला झालं. तेव्हापासून फिजिओथेरपिस्ट हाफिजा त्याला चालवायला तिथल्याच मदिनत सुलतान काबूस भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर येत होती. ती ओमानीच होती, पण तिचे आजोबा आफ्रिकेतल्या झांझिबारहून परतलेले. ती येऊ लागली आणि नीटच्या क्लासला जाणाऱ्या अंतराने एकदा जेवताना जाहीर केलं, की तिला डॉक्टर व्हायचं नाही, फिजिओथेरपी शिकायची आहे.

नयनाला आधी एखाद्या मुलाचा संशय आला. अंतराचा फोन वाजला की ती कान देऊ लागली. मग ध्यानात आलं, की क्लास बुडवून अंतरा नेमकी हाफिजाच्या वेळेला घरी असते.

"हाफिजाने डोक्यात भरवलंय ना तुझ्या?" रिकामा ट्रे ठेवायला दोघी स्वयंपाकघरात आल्यावर नयनाने विचारलं.

"नो, आई. शी डिडन्ट."

"मग कुणी?"

अंतरा ग्लासभर पाणी प्यायली आणि आपल्या खोलीत निघून गेली.

हाफिजा निघाली तेव्हा नयनाही ओढणी सारखी करत तिच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरली. खाली पार्किंगमध्ये ऊन इतकं होतं, की दोघी खांबाच्या सावलीला सरकल्या. नयनाने इंग्रजीत, पण सरळच विचारलं, "माझ्या मुलीला तुम्ही काय सांगितलंत?"

"नको करू म्हणून सांगितलं," हाफिजा म्हणाली.

नयना तिच्याकडे पाहत राहिली. खोटं बोलणाऱ्या माणसाची नजर हलते, असं तिला वाटायचं. ही नजर हलली नाही.

"का नको?"

"तिने मला विचारलं, लोक तुम्हाला नको म्हणतात का. मी म्हटलं, म्हणतात. ऑफिसला फोन करतात. भारतीय पाठवा, फिलिपिनो पाठवा. ऑफिस नाव सांगत नाही, पण कुठल्या घरातून फोन आला ते कळतंच." तिने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुमची मुलगी कुठे जाऊन काम करेल, कुणास ठाऊक. तिथे लोक तिलाही नको म्हणतील. एवढंच म्हटलं मी."

 हाफिजा गाडीपाशी पोचली.

"गुरुवारी येते, इन्शाल्ला," काच खाली करून ती म्हणाली. "त्यांना आज जिना उतरू देऊ नका."

नयना वर आली. चपला काढायला तिला वेळ लागला. अंतरा आपल्या खोलीत बेडवर मांडी घालून बसली होती, पुस्तक उघडं होतं, पण ती वाचत नव्हती.

"त्या पहिल्या आठवड्यात मी हाफिजाच्या ऑफिसला फोन केला," नयना म्हणाली, "तेव्हा तू घरी होतीस?"

"बाल्कनीत. कपडे वाळत टाकत होते."

"बोलली नाहीस काही."

"काय बोलणार?" मराठी शब्द शोधताना अंतरा नेहमी खालमानेने बोलायची. "त्याच दिवशी पप्पांनी तिचा हात असा... झटकला ना. म्हटलं, आता ही नाही येणार. दुसऱ्या दिवशी ती आली. हात चोळून गरम केले आणि मग पायाला लावले. मी विचारलं तिला, राग नाही आला? ती म्हणाली, पडलेला माणूस घाबरलेला असतो, कुणालाही झटकतो."

"मग बरोबरच आहे ते."

"नाही, आई. दुसरा फिजिओ एक दिवस आला होता, तो केरळचा. त्याला नाही झटकलं पप्पांनी." तिने पुस्तक मिटलं. "तिला पण माहितीये ते. तरी ती असं म्हणाली. मला ते... मला ते शिकायचंय."

पलीकडून अंबरीशने हाक मारली. त्याला खिडकीपाशी जायचं होतं. दोघींपैकी कुणीच लगेच गेलं नाही.

"रविवारी कॉलेजचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे," अंतरा म्हणाली. "फिजिओच का, ते विचारतात सगळ्यांना. हे सांगू?"

नयनाने पलंगावरच्या चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. पुन्हा केली.

"सांग," ती म्हणाली. मग दाराशी जाऊन, पाठमोरीच म्हणाली, "माझं नाव मात्र घेऊ नकोस."

"नाव कशाला घेऊ?" अंतरा म्हणाली. "आई म्हणेन."