सरांचं रक्त पहिल्या प्लेटीत

"राजवर्धन सर, माझं नाव रिसर्च पेपरातनं काढायचं तर खुशाल काढा, पण ही टेस्ट मी कारखान्यात जाऊ देणार न्हाय!" मी भर मीटिंगमध्ये बोलले. आई म्हणते, पोरीच्या जिभेला हाड न्हाय. नसू दे.

मी अनुजा. कोल्हापुरात याच सरांच्या हाताखाली पीएचडी करते. आमचं काम रक्तातली प्रथिनं मोजायचं. थेंबभर रक्त दिलं की मशीन शेकडो प्रथिनं एका दमात मोजतं. नमुने लावायचे प्लेटीतल्या बारक्या खळग्यांत. सरांनी इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांचं रक्त पहिल्या प्लेटीत लावलं, हातकणंगल्याच्या शेतकऱ्यांचं दुसऱ्या. निकाल आला तर चाळीस प्रथिनांत जमीन-अस्मानाचा फरक! सर हवेतच. म्हणाले, "कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग आता आधीच रक्तात सापडणार."

मागांचे मालक उदयसिंह शेठ तर हुरळूनच गेले. ज्याचं रक्त खराब, त्याला आत्ताच घरी बसवायचं, पुढं भरपाईची कटकट नको. त्यांच्याच शेडात माझे आबा, म्हणजे वडील पिराजी, अख्खी हयात राबलेत. पहिली गदा त्यांच्यावरच आली असती. माझं डोकंच फिरलं.

पण डोकं फिरलं म्हणून निकाल खोटा ठरत न्हाय. आकडे पुन्हा उघडले. पहिल्या प्लेटीत एक खळगा उरला होता. आमचे सर असले चिकट, की वाया कशाला घालवायचा म्हणून स्वतःचंच रक्त त्यात लावून मोकळे झालेले. आणि विसरलेले! बघते तर काय, मशीनच्या मते सरांनाबी कामगारांचाच रोग. जन्मात मागाजवळ गेला न्हाय हा माणूस! म्हणजे फरक माणसांचा नव्हता, प्लेटींचा होता. दोन प्लेटी वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या, रसायनाच्या बाटल्याही वेगळ्या. मग उरलेल्या रक्तातनं कामगार आणि शेतकरी एकाच प्लेटीत मिसळून लावले. चाळीसातली दोन-तीन सोडली तर सगळ्या प्रथिनांतला फरक गळाला.

"अनुजा, खाली बस!" मीटिंगमध्ये शेठांदेखत सर ओरडले. मी बसले न्हाय. दोन्ही निकाल पडद्यावर लावले आणि सरांचा खळगा बोटानं दाखवला.

"शेठ, या टेस्टीनं आधी सरांना घरी बसवावं लागंल."



"मग रोगच न्हाय म्हणायचा, व्हय?" शेठ गुरगुरले.

"हाय की! आमच्या आबांचा खोकला अख्ख्या गल्लीला ऐकू जातोय. त्याला मशीन कशाला पायजे? शेडात तासभर उभं ऱ्हावा, तुमालाबी लागंल. माणसं कशाला काढताय? धूळ काढा!"

शेठ तणतणत निघून गेले. टेस्ट बारगळली. सरांनी त्याच दुपारी मला दुसरा गाईड शोधायला सांगितलं. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. खोटं कशाला बोलू, बाथरूममध्ये जाऊन रडले.

घरी आले तेव्हा आबा शिफ्टला निघालेले. सगळं ऐकून दारातच थांबले.

"माझ्यापायी घालवलीस व्हय गं पीएचडी?"

"तुमच्यापायी न्हाय, आबा. तुमचं रक्त खरंच खराब निघालं असतं, तर तेबी असंच उभं राहून सांगितलं असतं."

आबांनी जेवणाचा डबा उचलला.

"मग बरोबर केलंस," म्हणाले, आणि खोकत खोकत शिफ्टला गेले.