खिडकीपाशी कोन बसन

रामकिसनले इमानात बसाची लय हाऊस होती, असं काही नाई. त्याले खिडकीपाशी बसाची हाऊस होती. ह्या दोन गोष्टीत फरक हाये, अन् तो फरक त्याच्या घरात कोनाले समजत नोयता. सारं दुखनं तेच.

इंझोरीच्या वावरात निंदताना, डवरताना त्यानं उमरभर इमानं खालून पाह्यले. पाहून पाहून मान दुखली. आता एकदा वरून पाह्यचं, मंग डोये मिटले तरी चालते, असं तो बायकोले, पंचफुलेले, सांगत जाय. पंचफुला म्हने, "डोये मिटाचं काय नाव घेता, आधी तुरीले पानी द्या."

पोरगी वर्षाराणी अन् जावई उत्कर्ष पुन्याले नोकरीले. त्यायनं ठरवलं का मायबापाले एकदा समुद्र दाखवाचा. अंदमानचं तिकीट काढलं, हाटेल पाह्यलं, टूरवाला ठरवला, अन् सारं झाल्यावर फोन केला.

"जावयाच्या पैशानं फिराले जाऊ का मी?" रामकिसन भडकला.

"बाबा, तिकीट वापस होत नाई."

वापस होत नाई म्हनल्यावर बोलनं खुंटलं. मंग पोरीनं हळूच सांगतलं, "तुमच्या संगं आमचे मामाजी अन् आत्याबाई बी हायेत. तुमी चौघंच. आमाले सुट्टी नाई."

मामाजी म्हनजे पोरीचा सासरा, धनजचा जगदेव. म्हनजे रामकिसनचा इवाई. रामकिसननं फोन ठेवला अन् खाटंवर बसला. इवायासंगं आठ दिवस. अरे, हे फिरनं होय का पाहुनचार?

वऱ्हाडात इवाई समोर आला का पोरीच्या बापाची कंबर आपोआप वाकते. पान्याचा गिलास अगोदर इवायाले. पोळी अगोदर इवायाले. देव एकखेपी मांगं राह्यला तं चालते. पन त्याले बी एक रीत हाये. आपन म्हनाचं, "बसा इवाई." त्यानं म्हनाचं, "नाई नाई, तुमी बसा." आपन हात धराचा, त्यानं हात सोडवाचा. अशी दोन-तीन डाव वढाताण झाली का मंग ज्याले बसाचं तो बसते. हे कोनी कोनाले शिकवत नाई. धनजपासून आसेगावपरेंत कोनाच्या बी घरी जा, असंच चालते.

नागपूरच्या इमानात रामकिसननं तिकिटावरचा नंबर पाह्यला. खिडकी त्याचीच होती. बाजूले जगदेव. दोघी इहिनी मांगच्या रांगंत. सुटकेस वर ठेवली, दुपट्टा नीट केला, अन् रीत म्हनून रामकिसन उलीसा वाकला.

"बसा इवाई, तुमी बसा खिडकीपाशी."

अन् जगदेव बसला.

नाई म्हनलं नाई. हात सोडवला नाई. जसा काही याच्या बापानंच इमान घेतलं, तसा आत सरकला अन् पट्टा बांधला. रामकिसन तसाच वाकून उभा. हात पुढं केला होता तो काय करावा ते समजंना, म्हनून त्यानं त्याच हातानं डोकं खाजवलं.

बरं, बसला तं बसला, निदान पाहावं ना मानसानं बाहेर. इमान वर उचललं तसं जगदेवनं दुपट्टा तोंडावर वढून घेतला अन् मुंडकं मांगं टाकलं. वर गेल्यावर खिडकीची झडप बी खाली पाडली. कलकत्त्यापरेंत रामकिसननं समोरच्या खुर्चीची पाठ पाह्यली. तिच्यावर कोनीतरी पेनानं दिल काढलेला होता.

कलकत्त्याले दुसऱ्या इमानात बसाचं होतं. हे इमान समुद्रावरून जाते, असं टूरवाल्यानं फोनवर सांगतलं होतं. रामकिसननं मनाशी पक्कं केलं, या खेपेला तोंडातून शबद काढाचा नाई. मुक्याचं सोंग घ्याचं अन् आपल्या नंबरावर जाऊन बसाचं. बसला बी. बूड टेकलं नाई टेकलं तं मांगून पंचफुलेचा आवाज आला.

"अवो, इवायाले बसू द्या ना खिडकीपाशी. तुमी काय लेकरू होय का?"

रामकिसन उठला. जगदेवनं त्याच्याकडे पाह्यलं, थुकी गिळली अन् आत सरकला. पुन्हा तोंडावर दुपट्टा, पुन्हा झडप खाली. उतरायच्या टायमाले इमानातली पोरगी आली अन् "विंडो खोलिए अंकल" म्हने. जगदेवनं आंधळ्यावानी चाचपडून झडप वर केली, पन दुपट्टा काही काढला नाई. रामकिसननं मान लांबवून पाह्यलं तं त्याले जगदेवच्या नाकाचा शेंडा दिसला अन् त्याच्यापलीकडे उलीसं निळं. ते समुद्र होता का आभाळ होतं, देव जाने.

"झोपाले येवढी मोक्याची जागा लागते का रे मानसाले," तो तोंडातल्या तोंडात बोलला.

बेटावरच्या हाटेलात बी तेच. दोन खोल्या. एकीतून समुद्र दिसे, दुसरीतून जनरेटर. कोनाले कोनती भेटली ते सांगाले पाह्यजे का? रामकिसननं रीत केली, जगदेवनं चावी घेतली. लाइन गेली का जनरेटर असा धडधडे का खाटंवरचा गिलास नाचे.

"तुमी कायले देल्ली चावी?" पंचफुला म्हने.

"मी देल्ली? इमानात कोनं देल्लं मांगून वरडून?"

"ते तं मानाचं असते."

"मंग हे बी मानाचंच हाये. झोप आता. मानाचा आवाज आयक."

पंचफुला हासली. तिचं बरं होतं. तिनं अन् इहिनीनं, गोमतीबाईनं, पयल्याच दिवशी मानपान गुंडाळून ठेवला होता. दोघी लुगडं खोचून समुद्रात जात, लाट आली का एकमेकीच्या गळ्यात पडत, अन् शाळंतल्या पोरीवानी खिदळत. गोमतीबाईची चप्पल लाटंनं नेली तं पंचफुलेनं आपली एक तिले देल्ली, अन् दोघी एकेक चप्पल घालून लंगडत आल्या. मानसं आपले कोरड्या रेतीत उभे. एक म्हने, "घ्या इवाई, नारळपानी घ्या." दुसरा घे. बस, एवढंच बोलनं.

एक दिवस काचंच्या बुडाच्या बोटीत नेलं. खाली पाह्यलं का मच्छ्या दिसतेत, समुद्राच्या बुडाचे रंगीबेरंगी दगडं दिसतेत, म्हने. काचंपाशी जागा थोडी. रामकिसनचं तोंड आता त्याच्या ताब्यात राह्यलंच नोयतं. "या इवाई, पुढं या," ते आपोआप बोललं. जगदेव काचंपाशी बसला, अन् बोट चालू झाल्यापासून किनाऱ्याले लागेपरेंत आभाळाकडे पाहत बसला. दोन्ही हातानं फळी धरून, ओठ आवळून, वर. लोकं खाली बोट दाखवून राह्यले, "ती पाहा, ती पाहा," अन् हा मानूस ढग पाहून राह्यला. रामकिसनच्या समोर एक जाडा बंगाली होता. रामकिसननं त्याचं नारंगी जाकीट पाह्यलं.

त्या दिवशी जेवताना तो निरा भात चिवडत बसला. आपल्याले खिजवाले करून राह्यला का हा? घ्याचं बी अन् पाह्यचं बी नाई. पोरीचा बाप हाये म्हनून का निरा धूळच हाये मी? पन बोलनार कसा. पोरगी त्याच्या घरात. आपल्या तोंडातून वाकडा शबद गेला तं उद्या तिच्या ताटात पडते.

"घरी जाताना तं बसन मी," तो पंचफुलेले म्हनला. "काही झालं तरी. या जलमात पुन्हा कोन नेते मले इमानात. तू फक्त तोंड बंद ठेव."

"ठेवते," पंचफुला म्हने. तिनं त्याच्या तोंडाकडे पाह्यलं अन् या खेपेला हासली नाई.

घरी जायच्या दिवशी तिकिटं हातात आले. रामकिसननं चष्मा लावून पाह्यलं. खिडकीचा नंबर जगदेवच्या नावावर. आता तं मान देल्ल्याशिवाय, आपोआपच गेली खिडकी. त्याले वाटलं तिकीट चावून खावं.

इमानात चढले. रांगंपाशी आले. रामकिसन बाजूले झाला, का बा जा तुह्या जागी. पन जगदेव जाईना. तो बी उभा. रामकिसननं त्याच्याकडे पाह्यलं. जगदेवनं रामकिसनकडे पाह्यलं. रामकिसन मनात म्हने, वाट पाहून राह्यला, मी हात जोडून 'बसा इवाई' म्हनन म्हनून. तिकिटावर नाव असून बी मान पाह्यजे याले. नाई म्हनत. आज जीभ तुटली तरी नाई म्हनत.

दोघंबी उभे. मांगं रांग लागली. कोनाची ब्याग कोनाच्या पाठीत, कोनाचं लेकरू रडून राह्यलं. इमानातली पोरगी दुरून म्हने, "अंकल, प्लीज बैठ जाइए." एक जन मांगून म्हने, "अरे भाई, क्या शादी का मंडप है?" तरी दोघंबी हालंनात. गोमतीबाई म्हने, "बसा ना वो." पंचफुलेनं पदर तोंडाले लावला होता, सबूत द्याले का बाई मी बोलली नाई.

मंग रामकिसनचं तोंड सुटलं, पन जे बोलाचं ठरवलं नोयतं तेच बोललं.

"इवाई, मले बसाचं हाये खिडकीपाशी."

झालं. पोरीच्या बापानं पोराच्या बापाले मांगतलं. रामकिसनच्या कानातून धूर निंघाला. आता हा काय म्हनते अन् धनजले जाऊन काय सांगते?

जगदेव म्हनला, "मंग बसा ना बाप्पा. इतके दिवस कायले जीव घेतला माहा?"

"म्हनजे?"

"आधी बसा तं. लोकं मारतीन."

रामकिसन आत सरकला. जगदेव बाजूले बसला, पट्टा बांधला, अन् हळू आवाजात बोलाले लागला, जसा काही चोरीचा माल सांगून राह्यला.

"मले खाली पाह्यलं का पोटात गोळा येते. हिरीच्या काठाले उभा राहत नाई मी. अन् तुमी मले दरखेपेस उचलून खिडकीत. त्या बोटीत तं बुडालेच काच. मले वाटलं आता इथंच जाते माहा जीव, इवायाच्या मानापायी."

"अहो, मंग नाई म्हनाचं ना."

"नाई कसं म्हनू? लग्नात तुमच्या भावानं फेटा बांधाले आनला, मी नाई म्हनलो. डोकं दुखत होतं, दुसरं काही नाई. तं तुमच्या भावकीत अजून चालू हाये, इवायानं फेटा झिडकारला, इवाई रुसला. तुमची पोरगी सुद्धा एक डाव घुश्शात बोलली मले. घरून निंघताना हिनं बजावलं, इवायानं जहर देल्लं तरी नाई म्हनू नोका."

मांगच्या रांगंतून गोमतीबाई म्हने, "जहर नोयतं म्हनलं. कडू कारलं म्हनलं होतं."

इतके दिवस ज्याले रामकिसन मनात शिव्या घालून राह्यला होता, तो मानूस दुपट्ट्याखाली डोये मिटून रामराम म्हनत होता. हे काय कमी झालं? त्याले हासू बी आलं अन् रागबी आला. राग असा का, दोघातल्या एकानं बी एक शबद खरा बोलला असता तं मच्छ्या पाह्यल्या असत्या, समुद्र पाह्यला असता, जनरेटर बी ज्याचा त्याले गेला असता.

इमान धावलं. जगदेवनं रामकिसनचं मनगट धरलं, असं का बांगडी फुटावी. इमान वर उठलं, अन् रामकिसननं तोंड काचंले लावलं.

"उठलं का?" जगदेवनं इचारलं. डोये बंद.

"उठलं."

"काय दिसते?"

"बेट दिसते. झाडंच झाडं. काठाले पांढरी रेती."

"लय खाली हाये का?"

"हाये खाली. असनारच ना."

"पानी आलं का?"

"आलं. हिरवं हाये. पुढं निळं होऊन राह्यलं."

"ढग हाये का? ढगात हलते म्हनतेत. येताना हाललं होतं. आता हालन का? इवाई? पंखा दिसते का, पंखा बराबर हाये ना त्याचा?"

खाली एक बोट चालली होती, तांदळाच्या दान्यायेवढी, अन् तिच्या मांगं पान्यावर पांढरी रेघ उमटत होती. रामकिसनले ती रेघ पाह्यची होती. कुठपरेंत जाते, कुठं पुसते, ते पाह्यचं होतं.

"इवाई," तो म्हनला, "गप बसा ना आता. पाहू द्या."

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं आपन कोनाले काय बोललो ते. त्यानं बाजूले पाह्यलं. जगदेव डोये मिटून होता अन् मान हालवून राह्यला होता, "बराबर हाये, बराबर हाये," म्हनत. मनगट मात्र सोडलं नाई.

रामकिसननं दुसऱ्या हातानं काचंवरची वाफ पुसली अन् पुन्हा खाली पाह्यलं. बोट बरीच मांगं गेली होती. रेघ अजून दिसत होती.