उरलेलं वजन

काकूंनी सात नंबरचं ताट वजनकाट्यावर ठेवलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला. दोनशे दहा ग्रॅम. अर्धा उकडलेला बटाटा, मूठभर भात आणि माशाचा एक अख्खा तुकडा, ज्याला हातही लागला नव्हता.

"तुला काय धाड भरली होती?" त्या माशाला म्हणाल्या, आणि लिहिलं:

*सात नंबर. दुपार. वाढलं ८२०. परत आलं २१०.*

इमारतीत आठ माणसं महिनाभर मुक्कामाला होती. प्रयोग डॉक्टरीणबाईंचा. पहिले दोन आठवडे पाकिटांचे: फोडा, गरम करा, वाढा. नंतरचे दोन काकूंच्या हातचे. खाणाऱ्यांना नियम एकच, हवं तेवढं खा आणि नको झालं की थांबा. उरलेलं काकूंनी तोलायचं. कशासाठी, हे डॉक्टरीणबाई सांगत नव्हत्या.

"कारण कळलं की तोलणाऱ्याचा हात हलतो, काकू."

काकूंनी वहीची मागची पानं उलटली. उलटू नयेत हे कळत होतं, तरी.

*सात नंबर. पाकीट. वाढलं ८२०. परत आलं ०.*

*सात नंबर. पाकीट. वाढलं ८२०. परत आलं ०. आणखी मागितलं.*

*सात नंबर. पाकीट. तेच.*

एकतीस वर्षं त्यांनी वसतिगृहाची खानावळ सांभाळली होती. तिथे मुली ताटं अशी चाटूनपुसून ठेवत, की भांडी घासणारी म्हणायची, "काकू, तुमच्यापायी माझं काम जायचं एक दिवस." आणि इथे पाकिटातल्या बटाट्याच्या चुऱ्याने त्यांना चारीमुंड्या चीत केलं होतं. थोडं थोडं सगळेच टाकत होते, पण सात नंबर जिव्हारी लागला. तो बसड्रायव्हर, दाराएवढा रुंद. असा माणूस अन्न टाकतो म्हणजे खोट अन्नातच. पुढच्या महिन्यात नवी आठ माणसं येणार होती. डॉक्टरीणबाईंना वही वाचता येत होती. त्या गोड बोलून म्हणतील, काकू, आता तुम्ही घरी आराम करा. आणि घरी काय होतं? एक खुर्ची आणि सुनेचं स्वयंपाकघर.

दुसऱ्या दिवशी, दुपार.

भिंतीवरच्या कार्डावर लिहिलं होतं: लोणी पाच ग्रॅम, मीठ दोन, साखर नाही. काकूंनी सात नंबरचा बटाटा कुस्करला. दाराकडे पाहिलं. लोण्याचा गोळा घातला, चिमूट चिमूट करत मीठ घातलं, भाजीत साखर ढवळली. मग तेवढाच भात काढून घेतला, म्हणजे काटा चहाडी करायला नको. बाकी सात ताटांना त्यांनी बोटही लावलं नाही. चोरीसुद्धा त्या नेमकीच करत.

*सात नंबर. दुपार. वाढलं ८२०. परत आलं ०.*

शून्य त्यांनी दोनदा गिरवलं. फडताळातल्या पाकिटांकडे बघून म्हणाल्या, "काय गं सटव्यांनो?"

त्या ओटा पुसत होत्या तेव्हा खिडकीवर टकटक झाली. ताटं जायची-यायची त्या खिडकीत सात नंबर वाकून उभा होता.

"काकू, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की. आवडलं ना आजचं?"

"आवडलं म्हणजे काय! ताट पुसून खाल्लं." पण त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. "तेच विचारायचं होतं. आज जेवण कमी होतं का?"

"ग्रॅमभर कमी नव्हतं."

"मग माझंच बिघडलं." तो खिडकीच्या कठड्यावरचा पाण्याचा थेंब बोटाने ओढत राहिला. "बायको म्हणते मला भस्म्या झालाय. पोट दुखेपर्यंत खायचं आणि उठून पुन्हा डबा उघडायचा. वर्षानुवर्षं हेच. पण तुमचं जेवण सुरू झालं ना, तिसऱ्या दिवशी एकदम... कसं सांगू. समोर मासा होता आणि मला नको होता. तसाच बघत बसलो त्याच्याकडे. बायकोला फोन करून सांगितलं, अगं, मी ताटात टाकलं! ती रडायलाच लागली."

काकूंच्या हातातला फडका थांबला होता.

"आज पुन्हा पहिल्यासारखं झालं," तो म्हणाला. "संपलं आणि हात शोधतच राहिला. चार दिवसांचंच सुख म्हणायचं."

तो गेला. काकूंनी फडका पिळला, वाळत घातला, पुन्हा उचलून पिळला. मग वही घेऊन त्या वर गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"किती घातलंत?"

"अंदाजानं."

"काकू!"

"हाताला माहीत आहे. काटा द्या, परत घालून दाखवते. आणि काढायचं तर कामावरून आत्ताच काढा, उद्यावर नको."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "आजचा त्याचा दिवस बाद. एक दिवस जास्त राहावं लागेल त्याला, आणि का, ते तुम्ही सांगायचं. तुमचं काय ते मला ठरवू दे."

सात नंबर मागच्या बाकावर ऊन खात बसला होता. काकू समोर उभ्याच राहिल्या. वसतिगृहात चोरून लोणचं खाणाऱ्या मुली त्यांच्यापुढे अशाच उभ्या राहायच्या.

"मी लोणी घातलं होतं. आणि साखर. तुमच्या एकट्याच्या ताटात."

त्याने उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"तुम्ही टाकत होता ना. मला वाटलं, हाताची चव गेली माझी."

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "आज जे झालं, ते माझं नव्हतं?"

"माझं होतं."

त्याने इतका लांब श्वास सोडला, की बाक करकरला. मग तो हसायला लागला, आधी नाकातून, मग पोट हलेपर्यंत.

"अहो काकू, जीव घेतला होतात की माझा!"

"एक दिवस जास्त राहावं लागेल तुम्हाला."

"राहतो की. उद्या काय आहे?"

"कार्डावर आहे ते. बटाटा, भाजी, मासा."

"तुमच्या हाताला चव आहे, खोटं नाही सांगत." त्याने बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली. "पण उरेल थोडं."

काकू बसल्या.

"उरू दे," त्या म्हणाल्या.