बाईंची शनिवारची तक्रार

‘ऐच्छिक’ या शब्दाचा खरा अर्थ मला साठीत कळला. तुमची इच्छा असो वा नसो, करायचंच. लहान मुलांचं फर्निचर विकणाऱ्या एका कंपनीने कळवलं की, पर्यावरणाची आणि माणसांची काळजी कशी घेता याचा अहवाल देणं छोट्या कारखान्यांना ऐच्छिक आहे. मात्र वर्षाची ऑर्डर देताना अहवाल देणाऱ्यांचा आधी विचार होईल. आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात माणसं मोजकी. ती ऑर्डर गेली तर त्यातल्या निम्म्यांना मी कुठल्या तोंडाने घरी पाठवणार होतो?

पुतणीने अहवाल लिहायला घेतला. वीज किती लागते, लाकूड कुठून येतं, भुसा जातो कुठे.

“काका, तुम्ही पाण्यातलं पॉलिश सुरू केलंत ना, तीच आपली जमेची बाजू,” ती म्हणाली. “आता फक्त शेजाऱ्यांच्या तक्रारी. तिथे शून्य हवं.”

तिथेच घोडं अडलं. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई दर शनिवारी खाली यायच्या, खुर्ची ओढून बसायच्या आणि सांगायच्या, “मिस्त्री, वास येतोय.” त्यांच्याच कटकटीपायी मी जुनं पॉलिश बंद केलं होतं. नव्याला म्हणावा असा वासच नाही. तरी शनिवार चुकत नव्हता. मी ‘नाही’ म्हणायचो, त्या ‘आहे’ म्हणायच्या, आणि चहा संपेपर्यंत आमची जुंपलेली असायची.

“आज सोक्षमोक्ष लावतो,” म्हणत मी जिना चढलो. तक्रार मागे घेते, एवढं त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

दार उघडलं आणि करपलेल्या दुधाचा भपकारा आला. बाईंच्या पाठीमागे स्वयंपाकघरातून धूर निघत होता. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, “बरं झालं आलात. आज तर पॉलिशचा वास अगदी सोसवत नाही हो.”

मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेल्याचा पार कोळसा झाला होता. वळून पाहिलं तर बाई दारात चष्मा पुसत उभ्या.

“मागे मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून नाक गेलंय,” त्या म्हणाल्या. “कशाचाच वास येत नाही.”

“मग दर शनिवारी...”

“नुसतं कसं यायचं, मिस्त्री? काहीतरी काम हवं ना.”

एरवी मी एका शब्दाला चार शब्द ऐकवणारा माणूस. त्या दिवशी गुपचूप ते पातेलं घासत उभा राहिलो.

खाली येऊन सांगितलं, तर पुतणीचा चेहरा खुलला. “सुटलो, काका. त्यांना वासच येत नाही, म्हणजे तक्रार निराधार. तसं लिहिते.”

“खबरदार. तो अहवाल कोण कोण वाचणार. बाईंचं नाक त्यात घालायचं नाही.”

“मग काय लिहू?”

“तक्रार एक. दर शनिवारी. अजून मिटलेली नाही.”

“ऑर्डर जाईल, काका.”

“तेवढं मला कळतं,” मी खेकसलो. खेकसलो खरा, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

कंपनीने अर्धीच ऑर्डर दिली. उरलेल्या ऑर्डरचं तक्रार मिटल्यावर बघू म्हणाले. आम्ही जुन्या खुर्च्यांची दुरुस्ती धरली. ओढाताण झाली, पण कोणाला घरी पाठवावं लागलं नाही. पुतणी चार दिवस धुसफुसली आणि मग आपणहून वर जाऊन, गॅस गळला की बोंब मारणारं यंत्र बाईंच्या स्वयंपाकघरात बसवून आली. तेव्हाच तिच्या तोंडून ऑर्डरचं निसटलं असणार.

कारण शनिवारी बाई आल्या, त्या दारातच थांबल्या.

“मिस्त्री, आज वास नाही. मिटलं म्हणून लिहून टाका,” म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

“आहे हो, बाई,” मी म्हणालो. “मला येतोय. बसा.”

त्या मागे वळल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.