उंच गाडी

"पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर गाडी घालायची नाही. उंच घेतली म्हणून गाडीची होडी होत नाही," असं गॅरेजवाल्या मेस्त्रीमामांनी बजावलं होतं.

रेल्वेपुलाखाली तुंबलेलं पाणी पाहून ताईने ब्रेक दाबला, तेव्हा तिला ते आठवलं. पलीकडे दवाखाना होता. धाकट्या बहिणीचं आज ऑपरेशन होतं आणि आत नेण्याआधी जवळ असेन, असा ताईने तिला शब्द दिला होता.

नवऱ्याने खाली उतरून कडेलाच छत्री बुडवून पाहिली.

"घोटाभरच आहे. चल, घाल."

"अहो, ती कड आहे."

"मग उंच गाडी घेतली कशाला? तो बघ, गेलासुद्धा!"

मागून आलेली पांढरी गाडी ऐटीत मध्यापर्यंत गेली आणि बंद पडली. मग तिचा मागचा भाग उचलला गेला आणि ती सावकाश फिरून खांबाला टेकली. चालक खिडकीतून निघून टपावर बसला आणि त्याने फोन कानाला लावला.

"घरी कळवत असेल, जरा उशीर होईल म्हणून," ताई म्हणाली.

दुकानांतली माणसं दोर घेऊन धावली. नवऱ्याने ओली छत्री झटकली.

"लांबून गेलो तर तास जाईल," तो पुटपुटला.

"तुम्ही गाडी घेऊन या."

किल्ली त्याच्या हातात देऊन, देवाचं नाव घेत ताई रुळांवरच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या चढू लागली.