मधोमध दुमडून

टेलरबाई चिडली की तोंडात टाचण्या असोत नसोत, तिचे ओठ घट्ट मिटायचे. प्रौढांच्या वर्गात सर म्हणाले, "ताई, बीजगणिताचा हट्ट सोडा. सोपं गणित घ्या, सर्टिफिकेट तर मिळेलच," तेव्हा ते असेच मिटले.

सोप्या गणितावर कपड्यांचे पॅटर्न आखण्याच्या कोर्सला प्रवेश मिळत नव्हता, आणि बाईला तोच हवा होता. जन्मभर ती दुसऱ्याने आखलेल्या खुणांवरून कोट शिवत आली होती. आता खुणा तिला स्वतः करायच्या होत्या. सरांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. फळ्यावर एका त्रिपदीचे अवयव पाडून दाखवा, नाहीतर नाव सोप्या गणितात.

एक्सचा वर्ग, अधिक सहा एक्स, अधिक आठ. गाडी अडायची ती मधल्या पदापाशी. सहाचे असे दोन भाग करायचे की त्यांचा गुणाकार शेवटच्या आठाइतका यावा. बाईने बिनधास्त तीन आणि तीन केले. कापड हाती आलं की आधी मधोमध दुमडायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली.

"आई, गुणाकार नऊ येतो," घरी तिच्या वहीत डोकावून लेक म्हणाली.

"एकच तर जास्त आहे. शिवणीत जाईल."

लेक हसून हसून लोळली आणि दोन आणि चार सांगून मोकळी झाली. कसं सुचलं म्हणून विचारलं, तर म्हणे सुचतं, अंदाजाने. बाईचा पारा चढला. अंदाजाने कापायला हे काय फडकं आहे? आपल्याला सुचत नाही म्हणून आपण ढ, हे ऐकून घ्यायला ती मुळीच तयार नव्हती.

ती दुमडण्यावरच अडून बसली. तीन-तीनचे दोन-चार केले, म्हणजे एकीकडचा एक काढून दुसरीकडे घातला, आणि गुणाकार एकाने उतरला. मग मधलं पद दहा असलेलं गणित घेतलं, गुणाकार एकवीस हवा होता. पाच-पाच पंचवीस, चार जास्त. तिने दोन सरकवले. तीन आणि सात, बरोबर एकवीस. आणखी गणितं तिने इरेला पेटून उसवली, तरी तेच. जितकं सरकवावं, त्याच्या वर्गाइतका गुणाकार उतरायचा. जास्तीचं शिवणीत जात नव्हतं खरं, पण किती सरकवायचं ते तेच सांगत होतं. बाई एकटीच मोठ्याने हसली.

शुक्रवारी सरांनी मुद्दाम अवघड दिलं. बेरीज सव्वीस, गुणाकार एकशे पासष्ट. सगळा वर्ग पाढे पुटपुटू लागला. बाईने फळ्याच्या कडेला तेरा-तेरा लिहिलं, त्याचे एकशे एकोणसत्तर. चार जास्त, म्हणून दोन सरकवले. अकरा आणि पंधरा. मग मधलं पद पुस्तकातल्यासारखं फोडून तिने दोन्ही कंस मांडले.

सर म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पण ही रीत मी शिकवलेली नाही, परीक्षेत गुण जातील. बाई म्हणाली, माझी रीत कडेला आहे, पुस्तकातल्या पायऱ्या इथे आहेत, कुठला गुण जातो ते दाखवा. सरांनी फळ्यावरची एकेक पायरी बोट ठेवून तपासली. मग मोठं मन करून म्हणाले, "ठीक आहे, ताई. राहू देतो तुम्हाला बीजगणितात."

"तुम्ही राहू देत नाही आहात, सर," बाई म्हणाली. खडू अजून तिच्याच हातात होता. "मी राहतेय."

आणि पुढच्या गणितासाठी तिने फळा पुसला.